एकाच कागदावरची दोन रोपं

मेरेआनाने आईस्क्रीमचा दोन लिटरचा डबा माझ्या टेबलावर आपटला, तेव्हा मी एकच चहाची पिशवी दुसऱ्यांदा गरम पाण्यात बुडवत होतो. डब्याच्या झाकणावर पट्टी चिकटवलेली होती, ‘मेंढीचं मटण, जुलै’. आत मटण नव्हतं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्याला दलदलीचा वास येत होता.

“सर, हे काय आहे ते सांगा. आणि लवकर सांगा.”

मेरेआना माझ्या शाळेतली. मी तिथे ग्रंथपाल होतो, एकतीस वर्षं. आता ती पन्नाशीला आली आहे आणि शाळेचीच बस चालवते, तरी मला ‘सर’ म्हणायचं सोडत नाही. मी कुणाला काही शिकवलेलं नाही. पुस्तकांवर शिक्के मारले, एवढंच. निवृत्तीनंतर दर मंगळवारी आणि गुरुवारी मी गावाच्या संग्रहालयात येतो. संग्रहालय म्हणजे लोण्याचा जुना कारखाना. त्याच्या मागच्या खोलीत वाळवलेली झाडं चिकटवलेले हजारभर कागद आहेत, ते मी सांभाळतो. मला कुणी नेमलेलं नाही. आधी जे सांभाळायचे ते वारले आणि किल्ली माझ्याकडे राहिली. वनस्पतिशास्त्र मी पुस्तकांतून वाचलं, तेही उशिरा. त्यामुळे कुणी झाड घेऊन आलं की मी आधी पुस्तकं शोधतो.

मी वर्तमानपत्र उलगडलं. पिवळी फुलं, तीन भागांत चिरलेली पानं, चिखलाने माखलेली मुळं.

“बटरकप,” मी म्हणालो.

“ते बसमधल्या पोरांनाही कळतं. कुठला बटरकप?”

“कुठून आणलास?”

“आंटीच्या चिखलाच्या कुंडावरून. परवा सकाळी कौन्सिलचा टँकर येतोय. ओढ्याच्या दोन्ही काठांना औषध मारणार. आंटी म्हणते हे वाओरिकी आहे, तिच्या आजीच्या आधीपासूनचं, इथलंच. कौन्सिलचा तो कॅलम म्हणतो की तण आहे, युरोपातून आलेलं. इथलं असेल तर फवारणी थांबते. नसेल तर थांबत नाही. बस्स, एवढंच आहे सगळं.”

एवढंच, पण ते थोडं नव्हतं. तिची आंटी म्हणजे पारेहुइआ, चौऱ्याऐंशी वर्षांची. हाराकेके या दलदलीतल्या झाडाची लांब पाती शिंपल्याने खरवडून वाख काढणाऱ्या, तो झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळून मग चिखलात पुरून काळा करणाऱ्या बायका आमच्या भागात दोन-तीनच उरल्यात, त्यांतली ही एक. असा काळा रंग देणारा चिखल कुठेही मिळत नाही. वाइपारूमध्ये तो एकाच जागी आहे, ओढ्याच्या वळणावर, न्हाणीघराएवढ्या खड्ड्यात. तिच्या आजीची आजीही तिथेच वाख पुरायची. त्यात एकदा औषध उतरलं की चिखल मरतो. कौन्सिलला हे ती पंधरा वर्षं सांगत होती. कौन्सिल म्हणायचं, औषध वाळलं की निर्धोक असतं. चिखल वाळत नाही, हे ती त्यांना सांगायची. त्यांच्या यादीत चिखलाला जागा नव्हती. झाडांना होती.

“मला थोडा वेळ लागेल,” मी म्हणालो.

“परवापर्यंतचा वेळ आहे, सर. त्यात उद्याचा अर्धा दिवस कॅलमला समजावण्यात जाणार.” ती खुर्चीत बसली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, “एक सांगायचं राहिलं. तो म्हणतो, आमच्याकडे पुरावा आहे. संग्रहालयातला एक जुना कागद आहे म्हणे, त्यावर लिहिलंय की वाइपारूच्या ओढ्यावरचा बटरकप हा परदेशी. त्या कागदावर तुमचं नाव आहे.”

मला आठवलं नाही. मग आठवलं.

कपाट उघडून मी कागद काढला. एकोणीसशे एक्याण्णव, जून. माझंच अक्षर, तेव्हाचं, सरळ उभं. ‘परदेशी रांगता बटरकप. ओढ्याकाठी, विपुल.’ खाली माझं नाव. कागदावर दोन रोपं चिकटवलेली होती, एक मोठं, एक लहान. फूल नाही, बी नाही. आमच्याकडे जून म्हणजे भर हिवाळा, त्यात कोण बटरकप गोळा करतं? मी केला होता. त्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं की ओढ्याकाठची सगळी झाडं नोंदवून ठेवा, आणि मी शनिवारी पावसात जाऊन हाताला लागेल ते आणलं होतं.

भिंग लावून मोठं रोप पाहिलं. देठावर दाट केस. परदेशीच, यात शंका नाही. मग लहान रोप पाहिलं. देठ गुळगुळीत. दोन-चार केस, तेही पानाच्या बुडाशी.

मी भिंग खाली ठेवलं आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

“काय झालं?” मेरेआनाने विचारलं.

“एकाच कागदावर दोन वेगळी झाडं आहेत. मी दोन्ही एक समजलो.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझी आंटी बरोबर असावी. आणि कौन्सिलच्या हातात जो पुरावा आहे तो माझी चूक आहे. अर्धी.”

ते लहान रोप मला तेव्हाही दिसलं होतं. गुळगुळीत का, असा प्रश्नही पडला होता. रोप जुनं झालं असेल, केस गळले असतील, असं मनाशी म्हणून मी डिंक लावला होता. शंका आली होती आणि मी ती गिळली होती, याचीच मला त्या दुपारी जास्त लाज वाटली.

डब्यातल्या रोपांचं नशीब बरं होतं. जानेवारीचा शेवट, म्हणजे ऐन उन्हाळा होता, फुलांबरोबर बियांचे हिरवे गोंडेही होते. एक बी सुईने सुटं केलं. फुगीर होतं, त्याला बारीक लांब वाकडी चोच होती. परदेशी बटरकपची बी चपटी असते, तिला कडेला काठ असतो आणि चोच आखूड. फुलाच्या पाकळ्याही अरुंद होत्या, एकमेकींना न टेकणाऱ्या, आणि पाचापेक्षा जास्त. मी तीन पुस्तकं उघडली, तिन्ही तेच म्हणत होती. तरी मी चौथं उघडलं.

“सर, तुमचं झालं का?”

“हे वाओरिकी आहे. मला तरी तसं वाटतं.”

“‘वाटतं’ नको. कॅलमला ‘वाटतं’ चालत नाही.”

आमच्या कामात एक रीत आहे. कुणी झाडाचं नाव चुकीचं लिहिलं आणि नंतर कुणाला बरोबर नाव कळलं, तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत. नवी चिठ्ठी लिहायची, तारीख आणि स्वतःचं नाव घालायचं आणि जुनीच्या शेजारी चिकटवायची. काही कागदांवर पाच-पाच चिठ्ठ्या आहेत, शंभर वर्षांतल्या पाच माणसांच्या. ज्याची चूक आहे त्याचं नाव तिथेच राहतं. मी लोकांच्या कितीतरी चुकांशेजारी अशा चिठ्ठ्या लावल्या आहेत आणि, खोटं कशाला बोलू, लावताना मनातून थोडा सुखावलोही आहे.

मेरेआनाने कागदाकडे पाहिलं. एक्याण्णव सालच्या माझ्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. डिंक जुना झाला होता.

“ही काढून टाका की,” ती म्हणाली. “नखानेही निघेल. नवी लावा, तीच जुनी म्हणून दाखवू. कॅलमने कागद पाहिलेला नाही, त्याच्याकडे नुसती यादी आहे. म्हणायचं, यादी टाइप करणाऱ्याने चूक केली. यादीवाला वारला असेल.”

“यादीही मीच केली होती.”

“अरे देवा.”

“आमच्यात चिठ्ठी काढत नाहीत, मेरेआना.”

“आमच्यात म्हणजे? या खोलीत तुम्ही एकटे आहात.”

ते खरं होतं. टेबलावर पातळ पात्याची सुरी होती. मी ती उचललीही. चिठ्ठी निघाली असती तर सगळं सोपं झालं असतं, वाद मिटला असता, कुंड वाचलं असतं, आणि माझी चूकही गेली असती. मी हे सगळं वाख काळा करणाऱ्या बाईसाठी करतोय असंही स्वतःला सांगता आलं असतं. बराच वेळ मी सुरी हातात धरून बसलो. मग सुरीच्या टोकाने मी सुटलेल्या कोपऱ्याखाली डिंक सरकवला आणि तो बोटाने दाबला. कारण विचाराल तर नीट सांगता येणार नाही. मला दमल्यासारखं झालं होतं, आणि खोटं बोललं की ते पुढे सांभाळावं लागतं.

नवी चिठ्ठी लिहिली. ‘लहान रोप: वाओरिकी. मोठं रोप: परदेशी, आधीप्रमाणे.’ तारीख, नाव. अक्षर आता थरथरतं. एकाच माणसाची ती दोन अक्षरं शेजारी-शेजारी पाहून बरं वाटलं नाही.

फोन करायला मला अर्धा तास लागला. मेरेआनाने नंबर लावून फोन माझ्या कानाला धरला, नाहीतर अजून लागला असता.

“अल्विन बोलतोय. लोण्याच्या कारखान्यातून.”

“लोणी नकोय,” कॅलम म्हणाला.

“संग्रहालय. ओढ्यावरच्या बटरकपबद्दल. ते सगळं परदेशी नाही. त्यात इथलंही आहे.”

“परदेशी आहे असा कागद आहे ना तुमच्याकडे? त्यावर नाव कुणाचं आहे?”

“माझं.”

“आणि आता नाही असं कोण म्हणतंय?”

“मीच.”

त्याच्या मागे ट्रकचा आवाज येत होता. “मग मी दोघांपैकी कुणाचं ऐकू?”

“म्हाताऱ्याचं,” मी म्हणालो, आणि लगेच वाटलं की बोलायला नको होतं.

तो हसला नाही. विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना विचारा म्हणाला. मी आधीच फोन लावून पाहिला होता. त्या डोंगरावर गेल्या होत्या, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फोन लागणार नव्हता. “टँकर गुरुवारी आहे,” कॅलम म्हणाला. “पुढची तारीख एप्रिलमध्ये. तोपर्यंत रस्त्याखालचा पाइप तणाने तुंबला तर रस्त्यावर पाणी येईल आणि लोक मला फोन करतील, तुम्हाला नाही. उद्या दहाला ओढ्यावर या. कागद घेऊन या.”

बुधवारी मेरेआना मला बसमधून घेऊन गेली. शाळा उघडायला अजून आठवडा होता, त्या रिकाम्या बसमध्ये पहिल्या बाकावर कागदाचं पुठ्ठ्याचं पाकीट मांडीवर धरून मी बसलो होतो. ऊन सकाळपासूनच चढलं होतं.

पारेहुइआ कुंडाशेजारी दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटवर बसली होती. पाय गुडघ्यापर्यंत काळे. मी तिच्यापेक्षा फक्त सहा वर्षांनी लहान, तरी ती म्हणाली, “अरे पोरा, तूच का तो, माझ्या वाओरिकीला तण म्हणणारा?”

“हो.”

“बरं. बूट काढ. बूट आत गेले की बाहेर येत नाहीत, मग माझ्या चिखलात लोक शंभर वर्षांनी तुझे बूट शोधतील.”

मी बूट काढले. मोजे काढताना एका पायावर उभं राहता येईना, मेरेआनाचा खांदा धरावा लागला.

“आठवतोस तू मला,” पारेहुइआ म्हणाली. “पावसात आला होतास. पिवळा रेनकोट, नाकाच्या टोकावर चष्मा. मी दारातून हाक मारली, ‘ये, चहा घे’. तू हात हलवलास आणि उंदरासारखा पळालास.”

तेही मला आठवत होतं. फक्त आजवर ते या गोष्टीचा भाग आहे असं वाटलं नव्हतं. मी अनोळखी घरात जायला घाबरायचो. अजूनही घाबरतो. त्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात दहा मिनिटं बसलो असतो, तर हातातलं ओलं रोप पाहून तिने सांगितलंच असतं की यात दोन आहेत.

कॅलम वेळेवर आला. पस्तिशीचा, उन्हाने सोललेलं नाक, डोळ्यांखाली काळं. तोही थकलेलाच दिसत होता. तो वाईट माणूस नव्हता. खालच्या वळणावर रस्त्याखालून पाइप जातो, त्यात दर हिवाळ्यात तण अडकतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी पाकीट उघडून कागद दाखवला. त्याने एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

“हा तर माणूस स्वतःशीच भांडतोय,” तो म्हणाला.

“तुझं कधी बायकोशी भांडण होत नाही का?” पारेहुइआ म्हणाली. “मग हा बिचारा एकटा माणूस, कुणाशी भांडेल?”

मी काठावरून दोन बियांचे गोंडे तोडले आणि त्याला भिंग दिलं. “चोच बघा.”

“कसली चोच?”

“बियांची. एकीची लांब आणि बारीक, दुसरीची आखूड.”

त्याने बराच वेळ पाहिलं. “मला दोन्ही बिया दिसतात,” तो म्हणाला.

“ते काचेचं खेळणं ठेव,” पारेहुइआ म्हणाली. तिने वाकून दोन देठ घेतले आणि एकेक आपल्या खालच्या ओठावरून हळूच ओढला. “हा खरखरीत. बाहेरचा. हा नाही. वाख नीट खरवडला गेला की नाही, तेही ओठालाच कळतं. बोटं खोटं बोलतात.”

“आंटी, ते विषारी असतं ना?” कॅलम म्हणाला.

“तोडलेलं टोक नाही लावायचं. तू काय टोक लावणार होतास?”

कॅलमने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केल्यासारखं, आणि मग देठ ओठाला लावला. दुसराही लावला. “हं,” तो म्हणाला. पण तिसरा त्याने स्वतः निवडला, ओढ्याच्या अगदी काठावरचा, कोवळा, फूल नसलेला. पारेहुइआने तो ओठावरून फिरवला, पुन्हा फिरवला आणि माझ्याकडे दिला. मी भिंगातून पाहिलं. केस होते, पण तुरळक. वाओरिकीच्या कोवळ्या पानांवरही तेवढे असतात.

“हा कुठला?” कॅलम म्हणाला.

मेरेआना माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं, आता ‘वाटतं’ म्हणू नका.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. “बी धरेपर्यंत थांबावं लागेल.”

मेरेआनाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. ते बसमध्ये पोरांना म्हणायला मनाई आहे.

कॅलमने गाडीच्या बॉनेटवर त्याचा फॉर्म पसरला. उन्हाने बॉनेट एवढं तापलं होतं की त्याने हात मागे घेतला. फॉर्मवर तीन चौकोन होते, मीही वाकून पाहिलं. ‘तण’, ‘संरक्षित’ आणि ‘अनिश्चित’. “सगळं संरक्षित असतं तर मी काठाला हातच लावला नसता,” तो म्हणाला. “सगळं तण असतं तर उद्या टँकर आला असता. पण तुमचा हा कागद, एक माणूस, दोन चिठ्ठ्या, आणि आता हा तिसरा देठ. याला मी दुसरं काय म्हणू?” त्याने ‘अनिश्चित’वर खूण केली.

“म्हणजे टँकर येणार की नाही?” पारेहुइआने विचारलं.

“येणार नाही. पण एक अट आहे. कुंडापासून खाली पाइपापर्यंत साठ मीटर, जेवढं परदेशी आहे तेवढं हाताने काढायचं. मार्चअखेर मी बघायला येईन. तोपर्यंत झालं नाही, तर एप्रिलचा टँकर. आणि इथलं एकही उपटायचं नाही.”

“कोण उपटणार?”

“ज्याला ओळखता येतं तो.”

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी अनवाणी होतो आणि माझे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते. मी मान हलवली.

त्यानंतरचे दोन महिने मी संग्रहालयात गेलो नाही. दर मंगळवारी, गुरुवारी आणि जमेल तेव्हा शनिवारीही मेरेआना मला ओढ्यावर सोडायची. पारेहुइआच्या शेळ्यांच्या गोठ्यातली एक फळी मी चिखलावर टाकायचो, तिच्यावर गुडघे टेकायचो आणि एकेक रोप धरून पाहायचो. माझी बोटं आता बधिर झाली आहेत, बारीक केस कळत नाहीत. म्हणून मीही ओठ लावायला शिकलो. पहिल्या आठवड्यात माझा खालचा ओठ सुजला, मी एकदा टोक लावलं होतं. पारेहुइआने तो पाहिला आणि हसून हसून तिला क्रेटवरून उठता येईना.

“सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतं.”

“एवढी पुस्तकं वाचून काय उपयोग?”

परदेशी रोप काढणं सोपं नसतं. त्याच्या धावत्या फांद्या जागोजागी मुळं धरतात. एक ओढली की चार ठिकाणी चिखल उसळतो, आणि त्याच फांद्यांच्या जाळ्यात वाओरिकीच्या फांद्या गुंतलेल्या असतात. दोघांनी तीस-चाळीस वर्षं एकत्र राहून एकमेकांत हात घातल्यासारखं दिसायचं. मी बोटांनी ते सोडवत बसायचो. एका सकाळी दोन हातभर जागा मोकळी व्हायची. दुपारी उठताना गुडघे आधी सरळ होत नसत, मग सरळ झाले की वाकत नसत. पाठीचं काय सांगू. घरी गेलो की अंघोळ न करताच खुर्चीत झोप लागायची.

आणि संशय. एखादं रोप ओठाला खरखरीत लागे न लागे, फूल नाही, बी नाही. काढू की ठेवू? पहिल्या दिवशी मी असंच एक काढलं. उलटून पाहिलं तर पानाच्या बगलेत एक छोटासा गोंडा होता, हिरवा, बियांना लांब वाकडी चोच. वाओरिकी होतं. मी ते परत चिखलात खोचलं, पाणी शिंपडलं, त्याच्याशी दोन शब्द बोललो. दोन दिवसांनी ते मेलं. पारेहुइआला मी सांगितलं.

“एक?” ती म्हणाली.

“एक. मला माहीत असलेलं.”

तिने कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची परडी आणली. “संशय आला की चिमटा लाव आणि पुढे जा. चिमटा लावलेलं काढायचं नाही.”

दुपारपर्यंत परडी रिकामी झाली. मेरेआनाने दुकानातून आणखी तीन पाकिटं आणली, रंगीबेरंगी. ओढ्याकाठी बारकी बारकी धुणी वाळत घातल्यासारखं दिसू लागलं. गाडीवरून जाणारे लोक वेग कमी करायचे. एकाने खिडकीतून ओरडून विचारलं, “आंटी, मोजे कुणाचे?”

“बेडकांचे,” ती म्हणाली.

मार्च संपत आला तेव्हा फुलं गेली होती आणि बिया धरल्या होत्या. भिंगाने पाहून काही चिमटे मी काढले, त्यांच्याखालची रोपं कुठली ते कळलं होतं. बरेच राहिले. साठ मीटरपैकी, मी अंदाज करतो, पन्नासेक मीटर झाले असतील. पाइपाजवळचं शेवटचं जाळं मला सुटलं नाही. एका सकाळी तिथे बसलो आणि हात पुढे गेलाच नाही. मी फळीवर नुसता बसून राहिलो, मेरेआना येईपर्यंत.

कॅलम एकतीस तारखेला आला. काठाकाठाने चालत पाइपापर्यंत गेला, पाइपात टॉर्च मारून पाहिलं, परत आला. उपटलेल्या तणाचा ढीग त्याने बुटाच्या टोकाने उकरला. मग चिमट्यांकडे पाहिलं.

“हे काय?”

“संशय,” मी म्हणालो.

“एवढे?”

“फेब्रुवारीत याच्या दुप्पट होते.”

तो वळला. उन्हात डोळे बारीक करून त्याने पलीकडच्या काठाकडे पाहिलं, जिथे दोनशे मीटरवर दुसऱ्या कुणाच्या गायी पाण्यात उभ्या होत्या. “पाइप मोकळा आहे,” तो शेवटी म्हणाला. “शेवटचे दहा मीटर राहिलेत. ‘पूर्ण’ लिहिता येत नाही मला.” त्याने फॉर्म काढला. पुन्हा ‘अनिश्चित’. “पुढच्या मार्चपर्यंत. त्याच अटी.”

“टँकर?” मेरेआनाने विचारलं.

“यंदा नाही.”

तो गेला. हात मिळवायला त्याने हात पुढे केला होता, पण माझे हात चिखलाने भरलेले पाहून तो खांद्यावर थोपटून गेला.

त्या दिवशी पारेहुइआने वाख पुरला होता. सकाळपासून तो कुंडात होता. तिने हात कोपरापर्यंत आत घातला, चाचपडून जुडी शोधली आणि बाहेर काढली. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात धरली तेव्हा करडा चिखल निघून गेला आणि खाली काळा रंग दिसला, असा काळा की त्यावर ऊनही दिसत नव्हतं. तिने जुडी फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिली.

“पुढच्या वर्षी दहा मीटर आधी कर,” ती मग म्हणाली. “पाइपाकडून सुरू कर. तू उलट्या बाजूने सुरुवात केलीस, म्हणून राहिलं.”

“पुढच्या वर्षी मी एकोणऐंशीचा असेन.”

“मी पंच्याऐंशीची. रडतोस काय?”

“आणि मला अजूनही सगळी ओळखता येत नाहीत.”

“मला तरी कुठे येतात? गप्प बस आणि हे टोक धर. पीळ द्यायला दोघं लागतात.”

मी फळीवरून उठलो नाही, उठता येत नव्हतं. बसल्या जागेवरून मी ओल्या जुडीचं टोक दोन्ही मुठींत धरलं. तिने दुसरं टोक धरून पीळ द्यायला सुरुवात केली. काळं पाणी माझ्या मनगटांवरून ओघळत शर्टाच्या बाहीत शिरलं. हात भरून आले, पण मी धरून राहिलो. ती म्हणत होती, “घट्ट. अजून घट्ट. सोडू नकोस.”